जमिनींतील तेलटाक्या आणि विहिरीचें पाणी

आपल्या संघाच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या जमिनी आतां मोठ्या सडकेला लागून आल्या आहेत. जमीन हलून सडकेकडे गेली असें नव्हे; सडकच रुंद होत होत बांधापर्यंत येऊन पोहोंचली. सडकेबरोबर पेट्रोलपंप येतो, पंपाबरोबर जमिनींत पुरलेल्या टाक्या येतात, आणि त्या टाक्यांपासून दोनतीनशें हातांवर बापजाद्यांची विहीर असते. वर दिसतात तीं यंत्रें, दिवे आणि रंगीत छप्पर. हजारों लिटर तेल असतें तें खालीं, जेथें कोणाची दृष्टि जात नाहीं. त्या टाकीस किंवा तिच्या नळास भोंक पडलें तर काय होतें, आणि विहिरीच्या धन्यानें अशा वेळीं काय करावें व काय करूं नये, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हा विषय आम्हीं पुस्तकें चाळून निवडलेला नाहीं. तहसील कचेरींत कारकून असतां एका विहिरीचा पंचनामा लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर आला होता. चैत्राचा महिना होता. विहिरीच्या पाण्यास रॉकेलासारखा वास येतो व गुरें त्या पाण्यास तोंड लावीत नाहींत, असा एका शेतकऱ्याचा अर्ज होता. विहिरीच्या वरच्या अंगास एक पंप होता. पाण्यावर रंगीबेरंगी पातळ तवंग होता, तो आम्हीं स्वतः डोळ्यांनीं पाहिला. नंतर पंपावर जाऊन साठ्याचें रजिस्टर तपासलें. रकाने भरलेले, बेरजा बरोबर, रोजची घट नियमांत बसणारी. विहिरीच्या कांठीं मात्र अर्जदाराचेंच जुनें ऑइल इंजिन होतें. शिवाय आठ दिवस सारखा उपसा केला तरी वास गेला नाहीं, उलट वाढलाच, असें तो स्वतःच म्हणाला. बाहेरून तेल आलें असतें तर इतक्या उपशानें तें निघून गेलें असतें, असा आम्हीं तर्क केला, आणि ‘सदर वास अर्जदाराचे इंजिनाचे तेलाचा असावा’ हें वाक्य आमच्या हस्ताक्षरांत पंचनाम्यांत उतरलें. अर्ज दप्तरीं दाखल झाला. दोन वर्षांनीं कांहीं कारणानें पंपाची फरसबंदी उकरली, तेव्हां टाकीकडून यंत्राकडे जाणारा नळ सांध्यापाशीं गंजून गेलेला सांपडला. तोंपर्यंत त्या कुटुंबानें पिण्याचें पाणी अर्ध्या कोसावरून वाहिलें होतें. आमच्या त्या तर्काची एकेक पायरी कशी चुकीची होती, तें पुढें ओघानें येईल.

प्रथम रजिस्टराची गोष्ट घेऊं. नळाच्या सांध्यांतून दर सेकंदास एक थेंब गळतो असें धरा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. त्या हिशेबानें दिवसाचे ८६,४०० थेंब म्हणजे सुमारें सव्वाचार लिटर, आणि वर्षाचे सुमारें दीड हजार लिटर झाले. आतां हीच गळ रजिस्टरांत शोधूं गेलें तर ती सांपडत नाहीं. पेट्रोल उष्णतेनें फुगतें व थंडीनें आकसतें. दर अंश सेल्सिअसला हजारीं एक लिटर इतका हा फरक असतो. दहा हजार लिटर साठा पांच अंशांनीं थंड झाला तर दांडी बुडवून मापतांना पन्नास लिटर कमी भरतो. त्यांत कांहीं तेल वाफ होऊन उडतें, कांहीं मापाच्या चुकींत जातें. पन्नास लिटरांच्या चढउतारांत चार लिटरांचा थेंब कोणास दिसणार? रजिस्टर लिहिणारा अप्रामाणिक होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें दिसलें तें लिहिलें. तोंडमिळवणी झाली म्हणजे सर्व ठीक आहे असें मानण्याची संवय आम्हां कारकुनांच्या हाडींमाशीं खिळलेली असते, तेवढाच दोष. आतां पुष्कळ पंपांवर टाकींत बसविलेलें मोजमापाचें स्वयंचलित यंत्र असतें आणि नळ दाबानें भरून त्यांची परीक्षा घेतां येते. अशी दाबपरीक्षा केव्हां झाली हें विचारणें रजिस्टर पाहण्यापेक्षां अधिक उपयोगाचें आहे.

टाकी गंजते ती बहुधा एकाच जागीं. लोखंड सर्वत्र सारखें झिजत नाहीं. जेथें ओल, क्षार किंवा जुन्या लोखंडास जोडलेलें नवें लोखंड असतें तेथें बारीक खड्डा पडून तो खोल खोल जातो. आपल्या काळ्या जमिनीचा आणखी एक गुण सर्वांस ठाऊक आहेच. ती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत फाटते. घरांच्या भिंतींना तडे पाडणारी जमीन नळांच्या सांध्यांना सोडील असें मानण्याचें कारण नाहीं. टाकीपेक्षां नळ व सांधे अधिक वेळां दगा देतात, कारण यंत्र चालू असतां नळांतील तेल दाबाखालीं असतें व बारीक फटींतूनही तें जोरानें बाहेर पडतें.

गळलेलें तेल प्रथम मातींत मुरतें. मातीचे कण कांहीं तेल धरून ठेवतात; गळ थोडी असेल तर तें तेथेंच थांबतें. अधिक झालें म्हणजे तें खालीं उतरत उतरत भूजलाच्या पातळीपर्यंत जातें. पेट्रोलाचें वजन पाण्याच्या पाऊणपट असल्यानें तें बुडत नाहीं, पाण्यावर तरंगत पसरतें. पण तरंगणारें तेल हा सर्व उपद्रवाचा एक भाग होय. पेट्रोलांतील कांहीं द्रव्यें पाण्यांत विरघळतात. बेंझीन, टोल्युईन, एथिलबेंझीन व झायलीन हीं त्यांतील मुख्य. हीं विरघळलेलीं द्रव्यें पाण्याबरोबर चालूं लागतात. तवंग पंपाखालींच असतो आणि विष शेजारच्या शेतांत पोहोंचलेलें असतें, असें घडूं शकतें.

किती दूर जातें? कॅलिफोर्निया प्रांतांत १९९५ सालीं अशा शेंकडों जागांची पाहणी झाली. बेंझीनाचा पट्टा बहुतेक ठिकाणीं अडीचशें फुटांच्या आंतच थांबलेला आढळला. याचें कारण मातींतील सूक्ष्म जंतु. ते बेंझीन खातात, आणि त्यास प्राणवायु मिळाला तर लवकर खातात. ही गोष्ट दिलासा देणारी खरी. परंतु ती पाहणी मुख्यतः वाळूगाळाच्या जमिनींवरील होती. महाराष्ट्राचा सुमारें चार पंचमांश भाग काळ्या खडकाचा आहे. वरचा थर मुरमाचा, त्याखालीं भेगाळलेला पाषाण, त्याखालीं अभंग कातळ. आपल्याकडील पाणी मुरमांतून झिरपतें आणि खडकाच्या भेगांतून धांवतें. विहीर खणणारे वडार सांगतात कीं एक झरा लागला तर विहीर भरते, आणि दोन हात बाजूस खणलें तर कोरडी जाते. तेलही त्याच भेगांनीं जातें. म्हणून पंपाला लागून असलेली विहीर निर्दोष राहून तिसऱ्या शेतांतील विहीर बिघडली, तर त्यांत अशक्य असें कांहीं नाहीं. भेगांच्या तोंडांशीं जंतूंना काम करण्यास वेळही थोडा मिळतो. सबब अडीचशें फुटांचा आंकडा आपल्या खडकास लावून कोणीं निर्धास्त राहूं नये.

ऋतूंचाही येथें संबंध आहे. पावसाळ्यांत भूजल वर चढून टाकीच्या बुडाच्याही वर येतें. तेव्हां भोंकांतून तेल बाहेर जाण्याऐवजीं पुष्कळदां पाणीच आंत शिरतें. पंपावर दांडीस विशिष्ट मलम लावून टाकींतील पाणी पाहतात तें याचसाठीं. उन्हाळ्यांत पातळी उतरली म्हणजे तेलास वाट मोकळी होते, आणि पाण्याच्या मागोमाग उतरतांना तें वाटेंतील मुरूम माखून टाकतें. विहिरींत तवंग जमतो तोही याच दिवसांत. तक्रार चैत्रांत यावी आणि श्रावणांत वास नाहींसा झाला म्हणून ती खोटी ठरावी, यासारखें अनर्थकारक दुसरें नाहीं. तेल गेलेलें नसतें. तें पाण्याच्या पातळीखालीं मुरमांत अडकलेलें असतें व पुढच्या उन्हाळ्यांत पुन्हां सुटें होतें.

आतां उपशाविषयीं. पाणी बिघडलें कीं विहीर उपसून टाकावी हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा उपाय, आणि मेलेलें जनावर पडलें असेल किंवा पुराचा गाळ आला असेल तर तो योग्यच आहे. तेलाच्या बाबतींत तो उलटा पडतो. विहीर उपसली कीं तिच्याभोंवतीं भूजलाची पातळी नरसाळ्यासारखी खोलगट होते आणि चोहोंकडचें पाणी त्या खोलगटाकडे वाहूं लागतें. शंभर हातांवर स्वस्थ असलेलें तेलही त्या ओढीनें विहिरीकडे निघतें. आमच्या अर्जदारानें आठ दिवस उपसा केला आणि वास वाढला, ही गोष्ट त्याच्याविरुद्धचा पुरावा नव्हती. बाहेर तेलाचा सांठा आहे याची ती धडधडीत खूण होती, आणि आम्हीं ती नेमकी उलटी वाचली.

इंजिनाच्या तेलाविषयींही तेंच. वंगणाचें तेल जड व चिकट; तें पाण्यांत फारसें विरघळत नाहीं व लवकर उडत नाहीं. पेट्रोलाचा वास तिखट, डोक्यांत जाणारा. नाकाचा भरंवसा नसेल तर प्रयोगशाळा आहेच. पाण्यांत बेंझीन व टोल्युईन भरपूर निघालें तर तें वंगणाचें तेल नव्हे, आणि डिझेलांतही हीं द्रव्यें अल्प असतात. एक बाटलीभर पाणी तपासलें असतें तर तें वाक्य लिहिण्याची गरज पडली नसती.

तवंग पाहूनच तेल ठरवूं नये हेंही येथें सांगितलें पाहिजे. लोहयुक्त पाण्यावर जंतूंमुळें तसाच रंगीत पापुद्रा येतो. काडीनें तो हलवावा. फुटून त्याचे कपचे वेगळे राहिले तर तो लोहाचा. पुन्हां सरकून एक झाला तर तेलाचा.

प्रमाण किती झालें म्हणजे पाणी पिण्यास अयोग्य, याचा हिशेब मनावर घेण्याजोगा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझीनासाठीं मर्यादा एका लिटर पाण्यांत ०.०१ मिलिग्रॅम आहे, कारण दीर्घकाळ सेवनानें रक्ताचा कर्करोग होण्याचें भय असतें. आपल्या देशांतील सध्यांच्या पेट्रोलांत बेंझीन शेंकडा एकपर्यंत चालतें. एक लिटर पेट्रोलांत शेंकडा एक म्हणजे दहा मिलिलिटर, वजनानें सुमारें ८,८०० मिलिग्रॅम. एवढ्यानें ८ लाख ८० हजार लिटर पाणी मर्यादेस पोहोंचतें. वीस फूट व्यासाच्या विहिरींत पंधरा फूट पाणी असेल तर तें सुमारें १ लाख ३३ हजार लिटर भरतें. म्हणजे अशा सहा विहिरी झाल्या. प्रत्यक्षांत सर्वच बेंझीन विरघळत नाहीं, कांहीं उडून जातें, कांहीं जंतु खातात. तरीसुद्धां एका लिटरची ही गोष्ट आहे, आणि वरील थेंबाचा हिशेब दीड हजार लिटरांचा होता.

वास गेला म्हणजे पाणी शुद्ध झालें असेंही समजूं नये. निव्वळ बेंझीनाचा वास नाकास येण्यास जें प्रमाण लागतें तें आरोग्याच्या मर्यादेहून शेंकडों पटींनीं अधिक आहे. पाणी उकळलें तर बेंझीन उडतें खरें, पण तें स्वयंपाकघरांतच उडतें. आणि सर्वांत मोठा धोका विहिरींत उतरणाऱ्याला आहे. पेट्रोलाची वाफ हवेपेक्षां जड असल्यानें विहिरींत खालीं सांचते. गाळ काढण्यास उतरलेला गडी तेथें गुदमरून पडूं शकतो. बिडीची किंवा मोटारीच्या बटणाची ठिणगी पडली तर भडका उडतो. वास येत असलेल्या विहिरींत कोणीही कोणत्याही कारणानें उतरूं नये. एक गुदमरला म्हणून दुसरा त्यास काढण्यास उतरतो, हें तर मुळींच होऊं देऊं नये.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेचा आहे. तेथें दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या व साध्या लोखंडी टाक्या लाखोंनीं पुरल्या गेल्या. तीस वर्षांत त्या गंजल्या. १९८४ सालीं तेथील कायदेमंडळानें भूमिगत टाक्यांविषयीं कायदा केला. १९८६ सालीं पेट्रोलाच्या दर गॅलनमागें सेंटचा दहावा हिस्सा कर बसवून, मालक सांपडत नाहीं किंवा दिवाळखोर आहे अशा ठिकाणच्या सफाईसाठीं निधि उभारला. आणि जुन्या टाक्या सुधारण्यास, बदलण्यास किंवा बंद करण्यास २२ डिसेंबर १९९८ ही अखेरची तारीख ठरविली. आजवर तेथें नोंद झालेल्या गळतींची संख्या पांच लाखांवर आहे. यावरून त्या देशांत टाक्या अधिक गळतात असें कोणी अनुमान काढील, तर तें आमच्या पंचनाम्याच्याच जातीचें होईल. तेथें शोधलें, म्हणून सांपडलें.

सँटा मोनिका या समुद्रकांठच्या शहराची हकीकत तर विचार करण्यासारखी आहे. पेट्रोलांतून शिसें काढावयाचें म्हणून १९७९ पासून तेथें एम. टी. बी. ई. नांवाचें द्रव्य मिसळूं लागले; त्यानें धूरही स्वच्छ होतो म्हणून पुढें त्याचें प्रमाण वाढलें. हें द्रव्य पाण्यांत सहज विरघळतें, मातीस चिकटत नाहीं व जंतूंनाही तें सहज पचत नाहीं. १९९५ सालीं शहराच्या विहिरींत तें सांपडलें, आणि १९९६ सालीं विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचें निम्में पाणी गेलें. बाहेरून पाणी विकत घ्यावें लागलें, तेल कंपन्यांशीं भांडावें लागलें, आणि शुद्धीकरणाचें यंत्र बसून त्या विहिरींचें पाणी पुन्हां नळास येण्यास सुमारें पंधरा वर्षें गेलीं. कॅलिफोर्नियानें २००४ च्या आरंभापासून तें द्रव्य बंद केलें. हवा शुद्ध करण्यास घातलेल्या वस्तूनें पाणी नासावें, हें घालणाऱ्यांच्या स्वप्नींही नसावें.

आपल्या देशांत पेट्रोलांत मिसळतात तो मद्यार्क, आणि २०२५ सालीं त्याचें प्रमाण शेंकडा वीसवर गेलें. त्यांतला बराचसा उसापासून निघतो; तेव्हां ऊसवाल्या सभासदांस आमचें पुढील म्हणणें कदाचित् रुचणार नाहीं. मद्यार्क स्वतः लवकर कुजतो व त्याची आम्हांस धास्ती नाहीं. परंतु जंतूंना बेंझीनापेक्षां मद्यार्क अधिक प्रिय. जेवणांत जिलेबी आली कीं भाकरी बाजूस राहते, तसें ते मद्यार्कावर तुटून पडतात, जमिनींतील प्राणवायु त्यांतच संपवितात, आणि बेंझीन न खाल्लेलें पुढें जातें. मद्यार्क मिसळलेल्या पेट्रोलाची गळ साध्या पेट्रोलापेक्षां अधिक दूर पोहोंचूं शकते असें तज्ज्ञ म्हणतात तें यामुळें. ऊस लावूं नये असा याचा अर्थ नव्हे. टाक्यांवर लक्ष मात्र अधिक ठेविलें पाहिजे.

वास आला तर प्रथम पिण्याचें व गुरांचें पाणी बंद करावें आणि उपसा थांबवावा. शेजाऱ्यांसही सांगावें, कारण त्यांच्या उपशानें तेल त्यांच्याकडे ओढलें जाईल. नमुना कांचेच्या स्वच्छ बाटलींत घ्यावा. प्लास्टिकच्या बाटलींत हीं द्रव्यें शोषलीं जातात. बाटली कांठोकांठ भरून, आंत हवेचा बुडबुडा न ठेवतां बूच लावावें, बर्फांत ठेवून लवकर पाठवावी. अर्धी भरलेली बाटली उन्हांतून एस. टी.नें नेली तर प्रयोगशाळेंत पोहोंचेपर्यंत तींतील बेंझीन उडालेलें असतें, आणि ‘दोष आढळला नाहीं’ असा दाखला हातीं पडून उलट तुमचाच दावा बुडतो. तपासणीच्या अर्जांत बेंझीन व टोल्युईन यांचीं नांवें स्पष्ट लिहावीं. नुसतें ‘पाणी तपासून मिळावें’ असें लिहिलें तर क्षार व जंतु तपासून मिळतात. भारतीय मानक १०५०० मध्यें खनिज तेलाची मर्यादा लिटरास ०.५ मिलिग्रॅम आहे, तीही मागावी.

स्वतःच्या घरीं डिझेलचें पिंप विहिरीच्या कांठीं ठेवणाऱ्यांनीं तें आधीं हलवावें. दुसऱ्याच्या टाकीकडे बोट दाखवितांना आपलें पिंप मध्यें येऊं नये.

कायद्याचें बळ नाहीं असें नाहीं. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ याच्या कलम २४ प्रमाणें विहिरींत दूषित पदार्थ जाऊं देण्यास मनाई आहे, आणि त्या कायद्यांत प्रवाह या शब्दांत जमिनीखालील पाणीही धरलें आहे. नवीन पंपासाठीं जिल्हादंडाधिकाऱ्यांचा ना-हरकत दाखला लागतो. त्यापूर्वीं कचेऱ्यांचे अहवाल मागविले जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या सूचनांत शाळा, दहा किंवा अधिक खाटांचें रुग्णालय व वस्ती यांपासून पन्नास मीटर, आणि अडचण असल्यास निदान तीस मीटर अंतर सांगितलें आहे. आपली विहीर जवळ असेल तर ती नकाशावर दाखवून, तिची खोली व उन्हाळी-पावसाळी पातळी लिहून, त्याच वेळीं लेखी हरकत द्यावी. टाकी पुरल्यावर बोलणें महाग पडतें. ना-हरकतीच्या प्रकरणांत विहिरींचा उल्लेख अर्जदार क्वचितच करतो, आणि अहवाल लिहिणाऱ्या कारकुनास तो सुचेलच असें नाहीं. आम्हांस कित्येकदां सुचला नव्हता.

नुकसानभरपाईसाठीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे २०१० च्या कायद्याखालीं अर्ज करतां येतो. महाराष्ट्रासाठीं त्याचें पीठ पुण्यास आहे. अर्जाचें कारण प्रथम उद्भवल्यापासून पांच वर्षांच्या आंत तो केला पाहिजे. सबब वास प्रथम केव्हां आला तो दिवस वहींत टिपून ठेवावा, तहसिलींत अर्ज द्यावा, पंचनाम्याच्या वेळीं स्वतः हजर राहून त्यांत काय लिहिलें जातें तें वाचून पाहावें, न पटेल तेथें आपलें म्हणणें त्याच कागदावर लिहून मगच सही करावी, आणि नक्कल मागून घ्यावी. आमच्या अर्जदारानें सही केली होती, न वाचतां. पंचनामा वाचून दाखविणें हें आमचें काम होतें, तें आम्हीं केलें नव्हतें.